‘आईला आजार माझ्यामुळे झाला का?’ – टाळेबंदीने मागे ठेवलेला एक प्रश्न

करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या अनेकांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच प्रश्न विचारला आहे. किराणा दुकान चालवणाऱ्या एका गृहस्थांनी तो वडिलांबद्दल विचारला, एका परिचारिकेने सासूबाईंबद्दल आणि मित्राच्या घरी अभ्यासाला जाणाऱ्या एका मुलाने आजोबांबद्दल. ‘संसर्ग माझ्यामुळे घरात आला का?’ टाळेबंदीचा विषय निघाला की आज बहुतेक जण टाळ्या-थाळ्या, ओस पडलेले रस्ते आणि घरातून चाललेले ऑफिस यांविषयी बोलतात. परंतु ज्यांच्या घरातले माणूस गेले, त्यांच्यापैकी कित्येकांसाठी तो सगळा काळ या एका प्रश्नापाशी येऊन अडकलेला आहे. असा प्रश्न घेऊन आलेल्या एका बाईंची हकिकत त्यांच्या संमतीने येथे सांगत आहे. त्यांना मी माधवीताई म्हणेन. ओळख पटू नये यासाठी इतर काही तपशीलही बदलले आहेत.

माधवीताई नाशिकमध्ये एका बँकेत रोखपाल आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या माझ्याकडे आल्या, तेव्हा त्यांची तक्रार झोपेची होती. होळी जवळ आली की रात्री दोन-अडीचला जाग येते, छाती धडधडते आणि चैत्र संपेपर्यंत कामात लक्ष लागत नाही, असे त्यांनी सांगितले. आईला जाऊन तीन वर्षे होत आली होती. गावी भाऊ दरवर्षी श्राद्ध करत असे. माधवीताई एकदाही गेल्या नव्हत्या. भावाशी बोलणे जवळजवळ बंद होते. पहिल्याच भेटीत मी त्यांना जीव नकोसा वाटतो का, स्वतःला इजा करण्याचे विचार येतात का, असे स्पष्टपणे विचारले. इतकी वर्षे स्वतःला दोषी ठरवत आलेल्या माणसाला हा प्रश्न विचारायलाच हवा. विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरत नाही, उलट बहुतेकांना कोणीतरी विचारले म्हणून हायसे वाटते. त्यांना तसे विचार येत नव्हते. झोपेसाठी मात्र मी त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले, आणि आमचे काम त्या उपचाराच्या जोडीने चालले.

हकिकत अशी होती. वडील आधीच वारले होते आणि आई सिन्नर तालुक्यातल्या गावी एकटी राहत असे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. सत्तरीकडे झुकलेली, मधुमेह असलेली आई गावात एकटी, औषधे आणायला कोणी नाही, म्हणून जून २०२० मध्ये माधवीताईंनी तिला नाशिकला आणले. पुण्यात राहणाऱ्या भावाचे मत होते की गावातच ती जास्त सुरक्षित आहे. बँका अत्यावश्यक सेवेत असल्यामुळे माधवीताई रोज कामावर जात होत्या. घरी आल्यावर दारातच चपला, पर्स बाल्कनीत, कपडे बादलीत आणि आंघोळ झाल्याशिवाय आईच्या खोलीत पाऊल नाही, हा नियम त्यांनी दहा महिने पाळला. मार्च २०२१ मध्ये साठ वर्षांवरील लोकांचे लसीकरण सुरू झाल्यावर आईला पहिली मात्रा मिळाली. १० एप्रिलला माधवीताईंचा घसा खवखवू लागला. उन्हाळा आणि धूळ यांमुळे असेल, असे त्यांना वाटले. १३ एप्रिलला, गुढीपाडव्याला, आईने गुढीची पूजा केली आणि संध्याकाळी तिला ताप भरला. चाचणीचा अहवाल यायला तीन दिवस लागले. दोघीही पॉझिटिव्ह होत्या. आईचे सॅच्युरेशन उतरू लागल्यावर माधवीताईंच्या यजमानांनी बेडसाठी रात्रभर फोन केले. २१ एप्रिलला शहरातील महापालिकेच्या एका रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागून २२ रुग्ण दगावल्याची बातमी आली. आई दुसऱ्या रुग्णालयात होती, तरी घरात विलगीकरणात असलेल्या माधवीताई त्या दिवशी एक शब्दही बोलू शकल्या नाहीत. २६ एप्रिलला, हनुमान जयंतीच्या आदल्या दिवशी, आई गेली. परवानगी घेऊन भाऊ पुण्याहून एकटाच आला, लांब उभा राहून त्याने सर्व उरकले आणि संध्याकाळी बहिणीला फोनवर म्हणाला, “तिला गावात राहू दिलं असतंस, तर आज ती असती.”

हे सांगून झाल्यावर माधवीताईंनी मला विचारले, “ताई, खरं सांगा. माझ्यामुळेच झालं ना?”

अशा वेळी ‘छे, तुमची काहीच चूक नाही’ हे वाक्य आपल्या तोंडी पटकन येते. नातेवाईक ते प्रेमापोटी म्हणतात आणि त्यांचे चुकते असे नाही. पण ज्याने तीन वर्षे स्वतःवर खटला चालवला आहे, त्याला या वाक्यातून एवढेच ऐकू येते की समोरच्याला पुढचे ऐकायचे नाही. शिवाय ते वाक्य मला प्रामाणिकपणे म्हणताही आले नसते. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारणपणे दोन ते चौदा दिवस जात, बहुतेकांच्या बाबतीत पाचएक दिवस. लक्षणे दिसण्याच्या आधी दोन दिवसही माणूस संसर्ग पसरवू शकत असे आणि काहींना लक्षणे दिसतच नसत. त्यामुळे आईला लागण मुलीकडून झाली असेल, किंवा ज्याला काहीच जाणवले नाही अशा जावयाकडून, दूध घ्यायला दार उघडताना, इमारतीच्या लिफ्टमध्ये किंवा औषधाच्या दुकानात. कदाचित आईकडूनच मुलीला झाली असेल. हे आज कोणालाच ठरवता येणार नाही. मी त्यांना म्हणाले, “असेलही आणि नसेलही. हे कळण्याचा मार्ग आता उरलेला नाही. पण तुम्ही त्या दिवसांत काय केलं आणि तेव्हा तुम्हाला काय ठाऊक होतं, हे आपल्याला नीट पाहता येईल.”

एका वहीत आम्ही दोन रकाने केले. एकात १ ते २६ एप्रिलपर्यंत दिवसागणिक काय घडले ते, आणि दुसऱ्यात त्या दिवशी, त्या वेळी माधवीताईंना काय माहीत होते ते. हे काम सोपे नव्हते, कारण त्यांच्या आठवणीत सगळे दिवस २६ तारखेच्या बाजूने पाहिलेले होते. १० एप्रिलसमोर त्यांनी लिहिले, ‘मला लागण झालेली असूनही मी आईजवळ गेले.’ मी विचारले, हे १० तारखेला तुम्हाला ठाऊक होते का? त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग त्यांनी ते खोडून लिहिले, ‘घसा दुखत होता. मीठ-पाण्याच्या गुळण्या केल्या. दरवर्षी एप्रिलमध्ये होतं तसंच वाटलं.’ शेवट कळल्यानंतर आधीच्या प्रत्येक खुणेचा अर्थ उघड दिसू लागतो आणि तो आपल्याला तेव्हाही दिसायलाच हवा होता असे वाटते. स्वतःला दोष देणाऱ्या जवळजवळ प्रत्येक माणसाच्या बाबतीत मी हे पाहिले आहे.

त्या लिखाणात ८ एप्रिलपाशी त्या अडल्या. त्या संध्याकाळी त्या बँकेतून आल्या, तेव्हा आईला स्वयंपाकघरात चक्कर येत होती. आंघोळ न करता, बाहेरच्याच कपड्यांत त्यांनी धावत जाऊन आईला सावरले आणि पलंगापर्यंत नेले. दहा महिन्यांत मोडलेला तो एकच नियम होता आणि तीन वर्षे त्यांना रात्री हेच दृश्य दिसत होते. मी त्यांना सांगितले की हा विषाणू प्रामुख्याने श्वासावाटे, बंद जागेतल्या हवेतून पसरतो आणि कपडे किंवा वस्तू यांच्यामार्फत होणारा प्रसार त्या मानाने कमी असल्याचे नंतर स्पष्ट झाले आहे. त्यांना क्षणभर बरे वाटले. पण पुढच्याच आठवड्यात त्या म्हणाल्या, “म्हणजे मी घरातही मास्क लावायला हवा होता.” अपराधभावाचा हा स्वभाव ज्यांच्या घरात असे कोणी आहे त्यांनी लक्षात घ्यावा असे मला मनापासून वाटते. एक पुरावा खोडला की तो दुसरा शोधतो, आणि म्हणून केवळ माहिती देऊन तो जात नाही.

तो जात का नाही, हे त्यांच्याच एका वाक्यातून पुढे आले. मी कागदावर एक वर्तुळ काढून दिले होते आणि आईच्या जाण्याला कारणीभूत झालेल्या सर्व गोष्टींना त्यात वाटा द्यायला सांगितले होते. स्वतःचा वाटा मात्र सर्वांत शेवटी. त्यांनी लिहायला सुरुवात केली: जुना मधुमेह, त्या महिन्यांत झपाट्याने पसरलेला डेल्टा प्रकार, दोन मात्रांमधले अंतर सहा ते आठ आठवडे ठरल्याने वेळ न आलेली दुसरी मात्रा, उशिरा आलेला अहवाल, बेडच्या शोधात गेलेली रात्र, पासबुक भरून घेण्यासाठी होणारी बँकेतली गर्दी. निम्म्याहून अधिक वर्तुळ भरल्यावर त्यांनी पेन खाली ठेवले आणि जवळजवळ रागाने म्हणाल्या, “मग हे कोणाच्याच हातात नव्हतं, असं म्हणायचं का? हे तर जास्त भयंकर आहे.” माझ्या मते या साऱ्या प्रकरणाचे मर्म तिथे होते. ‘माझ्यामुळे झाले’ या विचारात वेदना आहे, पण त्यात एक आधारही दडलेला असतो, की मी वेगळे वागले असते तर आई वाचली असती. तो विचार सोडायचा म्हणजे आपण सर्व काही केले आणि तरीही आई गेली, हे मान्य करायचे. अपराधभाव सोडणे आणि आईचा मृत्यू स्वीकारणे ही दोन कामे त्यांच्यासाठी वेगळी नव्हती.

वर्तुळात त्यांनी शेवटी स्वतःसाठी एक लहान भाग ठेवला आणि त्यात लिहिले, ‘मी कामावर जात होते.’ तो भाग पुसा, असे मी म्हटले नाही. ते खरेच होते.

त्यानंतर आम्ही शोकाकडे वळलो. एरवी आपल्याकडे माणूस गेले की घर भरते, शेजारी पिठलं-भात आणतात, दहा-बारा दिवस येणारा प्रत्येक जण ‘कसं झालं?’ विचारतो आणि घरचे तीच हकिकत पुन्हापुन्हा सांगतात. सांगता सांगता ती हळूहळू सोसवू लागते. एप्रिल २०२१ मध्ये यातले काहीच झाले नाही. माधवीताईंनी आईचा चेहरा शेवटचा पाहिला नाही, दहाव्याचे विधी मोबाइलच्या पडद्यावर पाहिले आणि कोणी भेटायला आले नाही, कारण येणे शक्यच नव्हते. मेमध्ये त्या पुन्हा काउंटरवर बसल्या. जवळच्या माणसाच्या वियोगाचे दुःख वर्ष उलटल्यावरही रोजचे जगणे अडवत असेल, तर त्याला आता वैद्यकीय वर्गीकरणांत स्वतंत्र स्थान मिळाले आहे. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या नियमावलीत ते २०२२ मध्ये आले. मला त्या नावापेक्षा माधवीताईंची शोक करण्याची संधीच हुकली होती हे अधिक महत्त्वाचे वाटले.

मी त्यांना विचारले, “आई कशा होत्या?” त्या पहिल्यांदा सांगू शकल्या नाहीत. आईचे नाव काढले की ताप, ऑक्सिमीटर आणि रुग्णवाहिकाच समोर येत होती. काही भेटींनंतर एक दिवस त्या म्हणाल्या की मार्च २०२१ मध्ये आईने गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. गव्हाचा चीक हाटताना माधवीताईंचा हात दुखला, तेव्हा आई म्हणाली होती, “बँकेत नोटा मोजून हात मऊ झाले तुझे.” मग एकेक आठवण निघू लागली: दुपारचा पत्त्यांचा डाव, नातवाचे ऑनलाइन वर्ग मागे बसून ऐकणारी आई, रोज रात्री पायाला तेल. लग्नानंतर आईबरोबर सलग दहा महिने राहण्याचा योग त्यांना पहिल्यांदाच आला होता. “टाळेबंदीत आम्ही फार सुखात होतो,” असे त्या म्हणाल्या आणि लगेच ओशाळल्या, कारण बाहेर माणसे मरत असताना सुखात होतो असे म्हणणे त्यांना पाप वाटत होते. मी त्यांना आवर्जून सांगितले की हे सुख खरे आहे, ते आईलाही मिळालेले आहे आणि ते शेवटच्या तेरा दिवसांच्या खाली दाबून ठेवण्याची गरज नाही. असे ओशाळणे मी इतरही अनेकांमध्ये पाहिले आहे.

भावाला बोलवावे की नाही, याचा निर्णय मी त्यांच्यावर सोडला होता. पावसाळ्यात तो एकदा आला. फोनवरच्या वाक्याबद्दल त्याने थेट माफी मागितली नाही. बराच वेळ तो त्या संध्याकाळविषयीच बोलत राहिला. रांगेत आईचा क्रमांक कितवा होता, पीपीई किट घातलेल्या कर्मचाऱ्याने त्याला किती अंतरावर थांबवले होते, परतीच्या वाटेवर चहाचीही टपरी उघडी नव्हती. “मी एकटा होतो ग, माधुताई,” एवढे तो म्हणाला. आदल्या हिवाळ्यात आईला पुण्याला न्यायचे त्याने लहान फ्लॅटचे कारण देऊन टाळले होते, हेही त्याने सांगितले. दोघांपैकी कोणीही हे आधी एकमेकांना सांगितले नव्हते.

आपल्या घरात कोणी असा प्रश्न विचारत असेल, तर घाईने दिलासा देण्याआधी त्याला ती सगळी हकिकत पहिल्यापासून सांगू द्यावी आणि मग गेलेल्या माणसाविषयी, त्याच्या आजाराखेरीजच्या आयुष्याविषयी विचारावे. झोप, भूक, कामावर लक्ष यांवर दीर्घकाळ परिणाम होत असेल तर तज्ज्ञांची मदत घ्यावी. मरणाचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नये. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीतून बोलता येते.

माधवीताईंची सत्रे २०२४ च्या दिवाळीपूर्वी थांबली. पुढच्या चैत्रात त्या प्रथमच श्राद्धाला गावी गेल्या. होळीनंतरचे काही दिवस झोप अजूनही मोडते, असे त्यांनी फोनवर सांगितले. भावाशी जुन्या घराच्या दुरुस्तीवरून मतभेद झाले आहेत आणि त्यासाठी दोघे आठवड्यातून एकदा तरी फोनवर बोलतात.