होम दाबलं काय नि फोन लॉक केला काय, ॲपला दोन्ही सारखंच दिसतं, मग लॉक ओळखायचा कसा?

भावा, तू लिहिलंयस तसंच आहे, होम दाबलं तरी अँड्रॉइड ॲपला ऑनपॉज-ऑनस्टॉप (ॲप थांबलं, पडद्याआड गेलं) असंच कळवतं आणि पॉवर बटण दाबलं तरी तेच, फ्लटर या ॲप बनवायच्या साधनात तर दोन्हीला पॉज्ड. नुसत्या लाइफसायकलवरनं, म्हणजे ॲपच्या या अवस्थांवरनं, लॉक ओळखायचा नाद सोड.

मी पण यात चांगला आपटलोय. इथं करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेला संकलनाचं ॲप करून दिलं होतं, सचिवांची अट एवढीच की फोन लॉक होऊन उघडला की पिन मागायचा, कारण फोन दिवसभर टेबलावर पडलेला असतो आणि फॅटचा आकडा कुणी हलवला तर दहा दिवसाच्या बिलाला भांडणं. मी शहाणपणा केला आणि ऑनस्टॉपलाच पिन लावून टाकला. मग काय, पहाटे माणसं किटल्या घेऊन रांगेत, आणि दूध मापणारा पोरगा व्हॉट्सॲप बघून आला की पिन, कॉल घेऊन आला की पिन. दुसऱ्याच दिवशी फोन, "ओ साहेब, पिन टाकत बसू का दूध मापू?"

तर अँड्रॉइडला अ‍ॅक्शन स्क्रीन ऑफ नावाचा ब्रॉडकास्ट, म्हणजे स्क्रीन बंद झाल्याची सिस्टीमची हाक, आहे, तो पकडायचा. पण मॅनिफेस्टमध्ये (ॲपची माहिती देणारी फाइल) रिसीव्हर, म्हणजे ती हाक ऐकणारा कोड, लिहून तो येतच नाही, कोडमधनं रजिस्टर करावा लागतो, माझा अर्धा दिवस यातच गेला. मग मी तो ऑनरिझ्युममध्ये (ॲप समोर आलं की) रजिस्टर आणि ऑनपॉजमध्ये काढून टाकला, तरी कधी यायचा कधी नाही, कारण स्क्रीन बंद होताना ऑनपॉज आधी येऊन रिसीव्हर निघून गेलेला असायचा. शेवटी अ‍ॅप्लिकेशन क्लासमध्ये, म्हणजे ॲपची प्रोसेस असेपर्यंत राहणाऱ्या भागात, ठेवला तेव्हा सुधारला. फ्लटर असेल तर हे नेटिव्ह (अँड्रॉइडच्या स्वतःच्या कोडच्या) बाजूला लिहून इव्हेंट चॅनल या दुव्यानं डार्टकडं (फ्लटरची भाषा) पाठव.

आता खरी गोम. स्क्रीन बंद म्हणजे लॉक नव्हे. बऱ्याच फोनमध्ये स्क्रीन आपोआप बंद झाल्यावर काही सेकंदांनी लॉक लागायची सेटिंग असते, त्यामुळं ब्रॉडकास्ट आल्या आल्या कीगार्ड मॅनेजरला (लॉक स्क्रीनची माहिती देणारा भाग) 'लॉक आहे का' विचारलंस तर 'नाही' म्हणेल. म्हणून तिथं फक्त फ्लॅग (खूण) लावून ठेव आणि माणूस परत ॲपमध्ये आला की तो बघ. आमच्या कामाला तेवढं पुरलं, कारण स्क्रीन बंद झालेली असली की पिन मागितला तरी कुणाची तक्रार नव्हती. खरंच अनलॉक केलं हे पाहिजे असेल तर यूजर प्रेझेंट हा वेगळा ब्रॉडकास्ट आहे, कीगार्ड गेल्यावर येतो.

अजून एक, ॲप मागं जाऊन कॅश्ड (मेमरीत नुसतं पडून) अवस्थेत गेलं की अँड्रॉइड १४ पासनं असे ब्रॉडकास्ट सिस्टीम रांगेत धरून ठेवू शकते, म्हणजे होम दाबून मग फोन लॉक केला तर बातमी उशिरा येणार. त्याला मी साधा जुगाड केला, ऑनस्टॉपला वेळ टिपायची आणि परत येताना दोन मिनिटांच्या वर गेली असतील तर पिन, लॉक असो नसो. वेळ घड्याळाची नको, कुणी तारीख बदलली की बोंब, इलॅप्स्ड रिअलटाइम (फोन सुरू झाल्यापासनंचा वेळ) घे, तो फोन झोपला तरी चालू राहतो. आणि प्रोसेसच मेली असेल तर नव्यानं उघडताना पिन मागतोयसच की.

आयफोनला असा सरळ ब्रॉडकास्ट नाही. प्रोटेक्टेड डेटा अनअव्हेलेबल होणार (म्हणजे लॉकमुळं सुरक्षित फाइली वाचता येणार नाहीत) अशी सूचना येते, ती पण पासकोड असेल तरच आणि लॉकनंतर साधारण १० सेकंदांनी. स्प्रिंगबोर्डची (आयफोनच्या होम स्क्रीनची) लॉकवाली डार्विन नोटिफिकेशन (सिस्टीमच्या आतली सूचना) नेटवर सापडेल तुला, तिच्या वाटेला जाऊ नको, ती प्रायव्हेट आहे, ॲप स्टोअरवर रिजेक्ट व्हायचं.

टेस्ट करताना डेव्हलपर ऑप्शनमधलं 'स्टे अवेक' (चार्जिंगला असताना स्क्रीन चालूच ठेवणारं) बंद आहे का बघ. माझं चालू होतं, केबल लावलेली, आणि स्क्रीन आपोआप बंद का होईना म्हणून तासभर कोडच बघत बसलो.