निळ्या गाठी आतड्यात असतात तेव्हा: प्रश्नोत्तरे

ब्लू रबर ब्लेब नीव्हस या दुर्मीळ आजारात त्वचेवर आणि आतड्यात सदोष शिरांच्या मऊ, निळसर गाठी होतात. त्याविषयीच्या काही प्रश्नांना ही उत्तरं.

शौचात रक्त दिसत नाही, तरी मुलीचं हिमोग्लोबिन का उतरतं?

गाठी थेंबथेंब झिरपतात म्हणून. शौच डांबरासारखं काळं व्हायला साधारण 50 ते 100 मिलि रक्त जावं लागतं. 1 मिलि रक्तात सुमारे 0.5 मिग्रॅ लोह असतं. रोज 10 मिलि गेलं तर 5 मिग्रॅ लोह गेलं. आहारातून एरवी जेमतेम 1-2 मिग्रॅ शोषलं जातं. हिशेब तोट्याचाच! फेरिटिनही (लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) तपासत राहा, ते हिमोग्लोबिनच्या आधी घसरतं. गोळ्या पुरेनात तर लोह शिरेतून देतात.

पोटात कळ येते, थांबते, पुन्हा येते. कधी धावपळ करावी?

अशी कळ आणि सोबत हिरवी उलटी, फुगलेलं पोट किंवा लालसर शेंबडासारखं शौच असेल तर लगेच, उद्यावर ढकलू नका. आत लोंबणारी गाठ पुढे ओढली जाते आणि सदऱ्याची बाही आत जावी तसं आतडं आतड्यात शिरतं. सोनोग्राफीत वर्तुळात वर्तुळ दिसतं. तान्ह्या बाळांत हवा किंवा पाणी सोडून आतडं सोडवता येतं. या आजारात ओढणारी गाठ जागीच राहते, म्हणून बहुधा शस्त्रक्रिया. तोवर तोंडाने काही देऊ नका.

किती आतडं काढतात?

काळं पडलेला भाग काढावाच लागतो. बाकी ठिकाणी हात आखडता हवा. सर्जन आतडं इंचाइंचाने चाचपतात, आतून एंडोस्कोपचा (दिवा-कॅमेरा असलेल्या नळीचा) उजेड टाकला की गाठ निळी झळकते. मग तेवढीच पाचर कापून टाके घालतात. गाठी पुन्हा होऊ शकतात, आणि दर वेळी फूटभर कापलं तर अन्न शोषायला आतडं उरणार नाही. शस्त्रक्रियेआधी फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रथिन) आणि डी-डायमर (गुठळी विरघळताना उरणारे तुकडे) बघून घ्या: गाठींत रक्त साचून गोठतं, त्यात गोठवणारे घटक खर्ची पडतात.

सिरोलिमस (या गाठी आणि रक्तस्राव आवरायला देतात ते औषध) शस्त्रक्रियेआधी बंद करावं का?

ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेआधी सहसा करतात, कारण त्याने जखम भरायला वेळ लागतो. मात्र आदल्या दिवशी थांबवून भागत नाही. प्रौढांत रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायलाच सुमारे अडीच दिवस लागतात. तातडीच्या वेळी थांबायचं नाही, शेवटचा डोस कधी घेतला ते सांगायचं. पुन्हा सुरू झाल्यावर औषधाची पातळी तपासण्यासाठी रक्त पुढच्या डोसच्या आधी द्यायचं, नंतर नाही.