चियांग माईतली पहिली आंघोळ आणि पाचवीच्या वर्गातला किल्ला

प्रश्न : ताई नमस्कार. मी साताऱ्याची, मंगळवार पेठेतली. गेलं दीड वर्ष थायलंडला चियांग माईत एका शाळेत इंग्लिश शिकवते. मागच्या नरक चतुर्दशीला घरचे सगळे उटणं लावून व्हिडिओ कॉलवर आणि मी आठ वाजता वर्गात हजेरी घेत होते. रविवारी आम्ही चौघी इंडियन टीचर्स हॉटेलात जेवलो, पण दिवाळी झाली असं वाटलंच नाही. यंदा कोऑर्डिनेटर मॅडम म्हणाल्या पाचवीला दिवाळीवर काहीतरी घे. वर्गात दिवा, मेणबत्ती चालत नाही आणि नाच मला जमत नाही, मग काय घेऊ? त्यात आई म्हणते तूच नाहीस तर फराळ कुणासाठी करायचा, ते ऐकलं की पोटात तुटतं गं ताई.

उत्तर : अगं, मी पण चियांग माईतच चार वर्षं गणित शिकवलंय, त्यामुळे तुझं पत्र वाचताना मला तिथली सकाळच आठवली.

पहिलं सांगते, पहिली आंघोळ रविवारवर ढकलू नको. जेवण, साडी, फोटो सगळं रविवारी चालतं, आंघोळ त्याच पहाटे व्हायला पाहिजे. तिथलं घड्याळ आपल्या दीड तास पुढे आहे, म्हणजे तू साडेपाचला उठलीस तर साताऱ्यात चार वाजलेले असतात, आई तेव्हाच उठून पाणी तापवायला लागते ना? मग फोन तेव्हाच लाव, आंघोळ झाल्यावर नाही. तेल लावताना लाव. उटणं नसेल तर बेसन, हळद आणि दूध, झालं. कारीट तिथे मिळत नाही, मी बाजारातली ती लिंबाएवढी हिरवी गोल वांगी असतात ना, त्यातलं एक आणायचे आणि बाथरूमच्या दारात अंगठ्याखाली फोडायचे. पहिल्या वर्षी फोडलं तेव्हा तो फट् आवाज ऐकून रडायलाच आलं मला, पण ते रडणं बरं होतं, त्यानंतर शाळेत गेले तर दिवस आपला वाटला.

आता वर्ग. माझं ऐक आणि किल्ला कर. दिवाळी म्हणजे दिवे आणि रांगोळी हे त्या पोरांना कुठूनही कळेल, पण दिवाळीत पोरं अंगणात मातीचा किल्ला करतात हे त्यांना तूच सांगू शकतेस. आणि चियांग माईच्या पोरांना किल्ला काय नवीन नाही, ते जुनं शहर 1296 साली वसवलंय, चौकोनी, चारी बाजूंनी खंदक, वेशी, म्हणजे आपल्या भाषेत सरळ भुईकोटच की. मी वर्गात फळ्यावर एका बाजूला त्यांचा चौकोन काढला आणि दुसऱ्या बाजूला अजिंक्यतारा, आणि विचारलं की आमच्याकडे खंदक का नाही? एक मुलगी म्हणाली, डोंगरच खंदकाचं काम करतो. त्यानंतर मला फार बोलावं लागलं नाही. 1673 ला शिवाजी महाराजांनी हा गड घेतला आणि 1708 ला शाहू महाराजांची राजधानी इथे झाली एवढं सांगितलं तरी पुरतं.

पण एका दिवसात होत नाही हां ते, आठवडाभर आधी सुरुवात कर. नुसती कुंडीची माती घेऊ नको, ती ढासळते, माझा पहिला किल्ला रात्रीत बसला होता. चिकणमाती मिसळ, आत विटांचे तुकडे रच, वरून चिखलात बुडवलेलं पोतं टाक, डोंगराच्या घड्या आपोआप पडतात. ओल असतानाच मोहरी पेर, चार-पाच दिवसात हिरवं होतं, आणि पोरं रोज सकाळी वर्गात शिरल्या शिरल्या आधी तेच बघायला धावतात. मावळे त्यांनाच करू दे. माझ्या वर्गात एकाने गडावर हत्ती केला, मी राहू दिला.

दिव्याची हौस असेल तर पंधरा दिवस थांब. त्यांचं लोय क्राथोंग आपल्या त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारालाच येतं, केळीच्या खोडाच्या चकतीवर पानं, झेंडू, मेणबत्ती ठेवून पिंग नदीत सोडतात आणि नदीच्या देवीला, फ्रा मे खोंगखाला, हात जोडतात. खोंगखा म्हणजे आपली गंगाच गं. माझी आजी माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर द्रोणात दिवा सोडायची, तसाच मी तिथे सोडला आणि शेजारी माझ्याच वर्गातली पोरं होती. त्या रात्री परकं वाटत नाही. नक्की जा.

राहिली आई. तिला फराळ कर म्हणून विनवू नको, तिच्याकडून शिक. शंकरपाळीला एक वाटी तूप, एक वाटी दूध, एक वाटी साखर आणि मावेल तेवढा मैदा, हे तुला माहीतच असेल, तरी विचार, आणि पीठ मळताना फोन समोर उभा करून ठेव म्हणजे ती ओरडेल, सैल झालंय, अजून मूठभर घाल. मग मॅडमना विचारून एक डबा वर्गात ने. माझी आई पण असंच म्हणायची, कुणासाठी करू. मी वर्गात शंकरपाळ्या नेल्या त्या संध्याकाळी तिचाच फोन आला, पोरांनी खाल्ल्या का, कडक नव्हत्या ना झाल्या? आणि दुसऱ्या दिवशी भाऊ म्हणाला, आईने माळ्यावरून सोऱ्या काढायला लावलाय.