आईला एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस) आहे. मला होणार की नाही हे सांगणारी रक्ततपासणी पुण्यात कुठे होते?

कुठेच होत नाही. पुण्यात नाही, मुंबईत नाही, अमेरिकेतही नाही. रक्त काढून घेणारे भेटतील, पैसे घेतील, रंगीत आलेखाचा रिपोर्टही देतील. पण तुम्हाला एमएस होणार की नाही हे त्यात नसेल.

तुम्ही वय २४ लिहिलंय आणि प्रश्नाखाली 'बायोमार्कर' (शरीरात मोजता येणारी आजाराची खूण) हा शब्द वापरलाय, म्हणजे वाचन झालेलं दिसतंय. तेव्हा एमएसमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूवर हल्ला करते, एवढंच सांगून बाकीचं सोडते. मला स्वतःला हा आजार आहे आणि नेमक्या याच विषयावर माझं नि माझ्या थोरल्या भावाचं अजून मिटलेलं नाही. उत्तर लांबणार आहे.

२०१२ चा मे. मामेबहिणीच्या लग्नाची खरेदी, लक्ष्मी रोड. दुकानदाराने शालू उलगडला आणि मी म्हटलं, हा विटकरी नको, लाल दाखवा. वहिनी म्हणाली, अगं लालभडक तर आहे! मी उजवा डोळा झाकला तर शालू विटकरी, डावा झाकला तर लाल. दोन दिवस डोळा हलवला की आतून दुखत होता, ते मी उन्हाच्या नावावर खपवलं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी ऑप्टिक न्यूरायटिस, म्हणजे डोळ्याच्या नसेला सूज, सांगितलं, एमआरआय झाला, मेंदूत तीन-चार पांढरे ठिपके निघाले. न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले, पाठीतलं पाणी, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव, सुईने काढून तपासून घेऊ.

इथे दादा उठला. म्हणजे खुर्चीतून उठला. "मणक्यात सुई? अजिबात नाही." त्याच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी काकूंना बाळंतपणात पाठीत इंजेक्शन दिलं होतं आणि तेव्हापासून त्यांची कंबर गेली ती गेलीच, असं त्याचं म्हणणं. डॉक्टरांनी कागदावर कणा काढून दाखवला: मज्जारज्जू वरच संपतो, सुई त्याच्या खाली घालतात. दादा इंजिनिअर आहे. त्याने आकृती नीट पाहिली, दोन प्रश्नही विचारले, आणि मग नाहीच म्हणाला. बाबा गेल्यापासून घरात त्याचाच शब्द शेवटचा. मी ३१ वर्षांची, कमावती बाई, पण मीही मान डोलावली. हे लिहायला आजही लाज वाटते. सलाइनमधून स्टिरॉइड घेतलं, गणपतीपर्यंत डोळा सुधारला. आरतीचं तबक हातात असताना दादा म्हणाला, "बघ, उगाच भोसकून घेणार होतीस."

पुढच्या फेब्रुवारीत स्वारगेटला बसमधून उतरले तर डाव्या पायात चप्पल नव्हती. कधी निसटली, कळलंच नव्हतं. एका कॉलेजच्या पोराने ती आणून दिली आणि "काकू, चप्पल" म्हणाला, त्या 'काकू'चंच तेव्हा जास्त वाईट वाटलं. या वेळी मानेच्या मज्जारज्जूत नवा ठिपका होता. पाणी काढलं, त्यात ऑलिगोक्लोनल बँड मिळाले. सगळं मिळून अर्ध्या तासाचं काम. नंतर दोन दिवस डोकं दुखलं, आडवं झालं की थांबायचं. कंबर शाबूत आहे. दादा बाहेर जिन्यात बसला होता, त्याला सुई बघवत नाही.

या बँडचं थोडक्यात सांगते. रक्त आणि पाठीतलं पाणी एकाच वेळी घेऊन शेजारी शेजारी तपासतात. पाण्यात पट्टे उमटले आणि रक्तात नाही, तर प्रतिपिंडं (अँटीबॉडी) मेंदू-मज्जारज्जूच्या आतच तयार होतायत. भांडण रस्त्यावरचं नाही, घरातलं आहे. इतका जुना आणि कामाचा बायोमार्कर एमएसमध्ये दुसरा नाही, आणि नुसतं रक्त देऊन तो मिळत नाही.

आता न्यूरोफिलामेंटबद्दल, म्हणजे चेतातंतूंमधल्या ज्या प्रथिनाची रक्ततपासणी तुमच्या वाचनात आली असेल त्याबद्दल. पुढे एमएस झालेल्या अमेरिकी सैनिकांच्या साठवलेल्या रक्तात हे प्रथिन पहिल्या लक्षणाच्या सहा वर्षं आधीपासून वाढलेलं दिसलं, हे खरं. २०२० चा अभ्यास आहे. पण चेतातंतू कशानेही तुटले तरी ते वाढतं. पक्षाघाताने वाढतं, वयाने वाढतं, पुण्याच्या पद्धतीने हेल्मेट न घालता गाडीवरून डोक्यावर पडलात तरी वाढतं. एपस्टाइन-बार विषाणूचंही तसंच. २०२२ च्या अभ्यासात त्याच्या संसर्गानंतर एमएसचा धोका ३२ पट दिसला. पण तो विषाणू शंभरातल्या नव्वदहून जास्त प्रौढांच्या अंगात असतो, तेव्हा तुमची तपासणी बहुधा पॉझिटिव्हच येणार. बरं, जनुकं? एचएलए-डीआरबी१*१५:०१ असेल तर धोका साधारण तिप्पट, तरी ते जनुक असलेल्या बहुतेकांना काहीच होत नाही. जुळ्या, अगदी एकसारख्या भावंडांत एकाला एमएस असला तरी दुसऱ्याला होण्याची शक्यता चारात एकच्या आसपास. आईला असेल तर मुलाला शंभरात दोन-तीन, आणि तेही पाश्चात्त्य आकडे.

दादाने गेल्या महिन्यात मला न्यूरोफिलामेंटचा फॉरवर्ड पाठवला. पुतणी २२ ची आहे, "तिची करून घेऊ या का? आधी कळलं तर बरं ना!" आधी कळलं तर बरं! लक्षण समोर असताना, डॉक्टर समोर असताना ज्याने तपासणी नाकारली, तो आता ठणठणीत पोरीच्या हातात सुई खुपसायला निघालाय. तिला तर आत्याचा आजार, म्हणजे धोका तुमच्याहूनही कमी.

एक गोष्ट मात्र दादाच्या बाजूची आहे. बँड सापडले तर दुसऱ्या झटक्याची, म्हणजे लक्षणं पुन्हा उमटण्याची, वाट न बघता निदान करता येतं, ही सोय एमएसच्या निदानाच्या निकषांत २०१७ मध्ये आली. २०१२ मध्ये पाणी तपासलं असतं तरी कागदावर 'एमएस' लिहिलं गेलंच असतं असं नाही. पण डॉक्टरांनी मला फेब्रुवारीपर्यंत मोकळं सोडलं नसतं. हे त्याला मी अजून सांगितलेलं नाही.

दुसरी गोष्ट, तुमच्यासाठी. वर सगळं लिहिलं ते लक्षण नसलेल्या माणसाबद्दल. डोळा हलवताना दुखला, रंग फिका दिसला, अंगाचा एखादा भाग दिवसभर बधिर राहिला, तर लगेच न्यूरॉलॉजिस्टकडे जा आणि पाणी तपासू म्हणाले तर हो म्हणा. तेव्हा अ‍ॅक्वापोरिन-४ आणि मॉग या प्रतिपिंडांची रक्ततपासणीही करून घ्या. एनएमओ हा वेगळा आजार एमएससारखाच दिसतो आणि एमएसची काही औषधं त्यात उलट अपाय करतात. आणि दुसऱ्याच कारणाने काढलेल्या एमआरआयमध्ये ठिपके दिसले असतील तर तो वेगळा विषय. तिथे औषध लवकर सुरू केल्याने पहिला झटका लांबल्याचं दोन चाचण्यांत दिसलंय. सिगरेट ओढत असाल तर सोडा, तिने धोका खरंच वाढतो.

लॅबचं नाव मी मुद्दाम देत नाहीये. आणि दादा, तू हे वाचणार आहेस म्हणून: तेच पैसे घाल आणि पोरीला चांगलं हेल्मेट घेऊन दे.