क्लेमचे पैसे भरण्याआधी

प्रिय पोरी,

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. उत्तर कॅलिफोर्नियात युबा नदीला मिळणाऱ्या ओढ्यावरचा प्लेसर क्लेम, म्हणजे तिथली वाळू-रेती धुऊन सोनं काढायचा हक्क, २० एकर, किंमत साडेआठ हजार डॉलर. फोटोत काचेची कुपी, तिच्या तळाशी सोन्याचा चुरा. विसार द्यायचं कबूल केलंस आणि आता मन मागे ओढतंय, म्हणतेस. ओढू दे. त्यात घाबरटपणा काही नाही.

पहिला प्रश्न विकणाऱ्यानंच तुला विचारायला हवा होता. तू अजून एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरच आहेस ना? अमेरिकेतल्या सरकारी जमिनीवरचे सोन्याचे क्लेम आजही १८७२ च्या खाण कायद्यानं चालतात. त्या कायद्यानं हा हक्क अमेरिकन नागरिकाला मिळतो, नाहीतर नागरिक होण्याचा इरादा ज्यानं रीतसर जाहीर केलाय त्याला. तू दोन्हींत बसत नाहीस. 'एलएलसी, म्हणजे छोटी कंपनी काढ, तिच्या नावावर घे' असं कोणीतरी सांगेलच. त्या वाटेनं जायचं तर आधी वकील गाठ. आणि व्हिसावर असताना स्वतःच्या खाणीतून कमाई करण्याचा घोळ आणखी वेगळा, तो इमिग्रेशनच्या वकिलाला विचार. खरं तर पत्र इथेच संपायला हरकत नव्हती. पण तू हट्टी आहेस, आज ना उद्या पुन्हा तिथेच जाशील, म्हणून पुढचं लिहितो.

तू विकत काय घेणार आहेस? आईला 'आपली जमीन' म्हणून फोटो पाठवलास, ती जमीन तुझी होत नाही. मालक सरकारच राहतं, तुला फक्त त्यातलं खनिज काढण्याचा हक्क मिळतो. पूर्वी क्लेमचं पेटंट, म्हणजे सरकारी मालकीपत्र, काढून जमीन नावावर करून घेता यायची, १९९४ पासून नवे अर्ज बंद आहेत. लाकडी केबिन बांधून शनिवार-रविवार राहायचं स्वप्नही सोड. राहणं खाणकामासाठी खरोखर गरजेचं आहे, हे दाखवावं लागतं. आणि १९५५ च्या कायद्यानंतर नोंदलेल्या क्लेमवर लोक फिरायला, मासे धरायला, तंबू ठोकायला येऊ शकतात. 'माझी जागा आहे, निघा' म्हणता येत नाही.

व्यवहाराचा कागद म्हणजे क्विटक्लेम डीड. आपल्याकडच्या हक्कसोड पत्राच्या जातीचा. 'माझा जो काही हक्क असेल तो तुला दिला', एवढंच त्यात असतं. असेलच, याची हमी कोणी देत नाही. गावाकडे सातबारा बघितल्याशिवाय आपण गुंठाभर जागेचाही सौदा करत नाही, मग इथे फोटो बघून कसा करायचा? विकणाऱ्याकडून क्लेमचा सिरियल नंबर घे. सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या खात्याच्या एमएलआरएस या ऑनलाइन प्रणालीवर तो कोणालाही फुकट तपासता येतो. क्लेम चालू आहे की बंद, कोणाच्या नावावर आहे, फी कधी भरली, सगळं दिसतं. मग काउंटी रेकॉर्डरकडची, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या नोंदणी कचेरीतली, मूळ नोंद आणि नकाशा बघ. त्याच ओढ्यावर कोणाचा जुना क्लेम असेल तर आधीचा हक्क त्याचा. आणि नोंद होण्याआधीच ती जमीन खाणकामासाठी बंद केलेली असेल तर क्लेम मुळातच रद्दबातल. संरक्षित नद्यांच्या काठी असं आढळतं, म्हणून हे वरवर बघून सोडू नकोस.

दर वर्षी प्लेसर क्लेमच्या प्रत्येक २० एकरांमागे २०० डॉलर फी, १ सप्टेंबरपर्यंत. दहा किंवा कमी क्लेम असलेल्या छोट्या खाणवाल्याला सूट मिळते, पण तिचा अर्जही त्याच मुदतीत, शिवाय वर्षभरात ठरलेलं काम करून त्याचे कागद द्यायचे. मुदत चुकली की क्लेम गेला, विनवण्यांना तिथे जागा नाही. त्यामुळे ऑगस्टमध्ये विकायला काढलेला क्लेम दिसला की मी आधी फीची पावती मागतो.

आता पैशाचं. मोकळ्या जागेवर नवा क्लेम स्वतः नोंदवायचा सरकारी खर्च तीनशे डॉलरच्या आसपास, वर काउंटीची किरकोळ फी. म्हणजे कागदाची किंमत एवढीच. उरलेले आठ हजार कशाचे? तिथे सोनं आहे, या पुराव्याचे. मग पुरावा दाखव म्हणावं. कुपी हा पुरावा नव्हे, कुपीतलं सोनं कुठल्याही नदीचं असू शकतं. नमुन्यात बाहेरचं सोनं मिसळायची लबाडी तर फार जुनी आहे. बोर्निओतल्या बुसांगच्या खाणीवर ब्रे-एक्स या कॅनडाच्या कंपनीचे शेअर आकाशाला भिडले होते, आणि १९९७ मध्ये उघड झालं की नमुन्यांत वरून सोनं घातलेलं होतं. तिथे भले भले जाणकार फसले.

म्हणून जागेवर जायचं, पॅन, म्हणजे वाळू धुवायचं पसरट तबक, स्वतःचं न्यायचं, आणि कुठे खणायचं ते तू ठरवायचं, विकणाऱ्यानं बोट दाखवलं तिथे नाही. वरवरच्या वाळूत हात घालून उपयोग नाही. सोनं वाळूच्या सातपट जड, ते खाली खाली सरकत तळखडकाच्या भेगांत जाऊन बसतं, नाहीतर वळणाच्या आतल्या अंगाला, मोठ्या धोंड्याच्या आडोशाला. पॅन हलवत हलवत हलकी वाळू पाण्याबरोबर सोडत गेलीस की शेवटी काळी रेती उरते, बहुतेक मॅग्नेटाइट हे लोहखनिज. तिच्या कडेला पिवळं काही चमकलं तर लगेच नाचू नकोस. पाठ उन्हाकडे करून पॅनवर आपली सावली पाड. अभ्रक आणि पायराइट, म्हणजे सोन्यासारखं दिसणारं खनिज, सावलीत मरगळतात, सोनं तसंच पिवळं राहतं. सुईच्या टोकानं दाबून बघ, सोनं दबतं, पायराइटचा चुरा होतो. आपल्याकडे भंडारा-बालाघाटकडचे सोनझारी पिढ्यान् पिढ्या नदीची वाळू अशीच धुवत आले, आणि त्यांच्यातलं कोणी त्यावर श्रीमंत झाल्याचं मी तरी ऐकलं नाही.

फावड्यानं एक माणूस दिवसभरात दोन-तीन घनयार्ड रेती-गोटे उपसेल, आणि एका घनयार्डाचं वजन दीड टनाच्या घरात. घनयार्डामागे अर्धा ग्रॅम मिळाला तरी जागा बरी म्हणायची. जाहिरातीत पाण्यावर तरंगत तळाची रेती शोषून घेणारं ते सक्शन ड्रेज यंत्र बघून भुलली असशील, पण कॅलिफोर्नियाच्या नद्यांत ते २००९ पासून बंद आहे, आणि ती बंदी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये उचलून धरली. दुसरी मोठी यंत्रं लावायची तर परवानगी, आराखडा आणि जमीन पूर्ववत करण्याची अनामत. जाहिरातीतला तो ड्रेजचा फोटो कधीचा आहे, हेही विचार विकणाऱ्याला.

तुला नदी, थंड पाणी आणि पॅनमधला तो एक कण हवा असेल, आणि मला वाटतं तेवढंच हवंय, तर साउथ युबा रिव्हर स्टेट पार्कमध्ये नुसत्या हातांनी आणि पॅननं सोनं शोधता येतं. प्रॉस्पेक्टिंग क्लबचं, म्हणजे सोनं शोधणाऱ्या हौशींच्या मंडळाचं, सदस्यत्व घेतलंस तर म्हातारे हौशी शिकवतात, आणि क्लबच्या क्लेमवर जाताही येतं. एक उन्हाळा तसा काढ.

आज विकणाऱ्याला तीनच गोष्टी माग: सिरियल नंबर, फीची शेवटची पावती, आणि तू निवडशील तिथे नमुने घ्यायची परवानगी. त्याआधी एक डॉलर पाठवायचा नाही. 'उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय' म्हणाला तर येऊ दे. नंबर आला की मला पाठव, नकाशावर जुने क्लेम कुठे येतात ते मी बघून ठेवतो. रविवारी दुपारनंतर घरीच आहे, फोन कर.

तुझा,
काका