नाशिकमधून पुण्यातल्या नोकरीसाठी पोर्टफोलिओ साइट कशी सुधारावी?

रिअ‍ॅक्ट-नोड या वेब बनवायच्या साधनांवर दोन वर्षं काम झालंय, साइटही तयार आहे, तरी पुण्याहून फोन येत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. डिझाइनला हात लावण्याआधी एक लक्षात घ्या. साइट आधी एचआर बघतात आणि तिथून पुढे गेली तरच इंजिनिअर बघतो. दोघांना हवं असतं ते वेगळं.

एचआरसाठी पहिल्याच स्क्रीनवर, स्क्रोल न करता, हे दिसू द्या: पद, अनुभव, मुख्य तंत्रज्ञान, नोटीस पिरियड आणि पुण्याला राहायला येणार की रिमोटच हवं. नाशिकच्या उमेदवाराबाबत ही शेवटची शंका हमखास येते. ती फोन करून विचारायला कुणाला वेळ नसतो. ‘जावास्क्रिप्ट ९० टक्के’ असे पट्टे काढून टाका, त्यातून काहीच कळत नाही. ईमेल सरळ अक्षरांत लिहा, कारण संपर्काचा फॉर्म बंद पडला तर तुम्हाला कळतही नाही.

सगळ्यात मोठं नुकसान ‘लाइव्ह डेमो’च्या बटणामुळे होतं. रेंडर या होस्टिंग सेवेच्या मोफत प्लॅनवर १५ मिनिटं कुणी आलं नाही की सर्व्हर झोपतो आणि पुन्हा उठायला मिनिटभर घेतो. बघणाऱ्याला तेवढा वेळ कोरी स्क्रीन दिसते आणि तो टॅब बंद करतो. म्हणून पुढची बाजू (फ्रंटएंड, म्हणजे बघणाऱ्याला दिसणारा भाग) गिटहब पेजेस या होस्टिंगवर स्थिर फाइल म्हणून ठेवा, सर्व्हर जागा होईपर्यंत नमुना डेटा दाखवा, बटणाशेजारी अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ द्या. लॉगिन लागत असेल तर डेमोचं नाव-पासवर्ड तिथेच लिहा.

दुवा बहुतेक वेळा व्हॉट्सअ‍ॅप किंवा लिंक्डइनवरून पुढे जातो. तिथे दुव्यासोबत दिसणारा चित्र-शीर्षकाचा प्रिव्ह्यू तयार करणारे बॉट जावास्क्रिप्ट चालवतील असं धरून चालू नका. ओपन ग्राफचे टॅग (प्रिव्ह्यूत काय दिसावं ते सांगणारे) रिअ‍ॅक्टच्या कंपोनंटमध्ये घातले तर प्रिव्ह्यू रिकामा येण्याची शक्यता असते. ते मूळ एचटीएमएल फाइलमध्येच हवेत, चित्र १२०० बाय ६३० पिक्सेलचं आणि त्याचा पत्ता पूर्ण.

आता इंजिनिअरसाठी. टू-डू लिस्ट आणि हवामानाचं अ‍ॅप त्याने खूप पाहिलेलं असतं. त्यापेक्षा आपल्याकडचा एकच प्रश्न नीट सोडवा. उदाहरणार्थ, लासलगाव आणि पिंपळगावच्या कांद्याच्या दरांची तुलना. केंद्र सरकारच्या खुल्या डेटा पोर्टलवर बाजार समित्यांचे किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर रोज मिळतात. ते रोजच्या रोज साठवत जा. सुट्टीच्या दिवशी लिलाव नसतात, त्या दिवसाची नोंदच येत नाही. ती शून्य धरली तर आलेख थेट तळाला आदळतो. हे तुम्ही कसं हाताळलं, डेटाबेसमध्ये एकच नोंद दोनदा पडू नये म्हणून काय केलं, हे रीडमीमध्ये (प्रोजेक्टच्या माहितीच्या फाइलमध्ये) चार-पाच ओळींत लिहा. इंटरव्ह्यूत प्रश्न बहुधा त्यावरूनच निघतील, आणि उत्तरं तुमच्याकडे तयार असतील.

रेपो (कोडचा साठा) सार्वजनिक करण्याआधी कमिटचा, म्हणजे साठवलेल्या बदलांचा, इतिहास तपासा. ‘एपीआय की’ (सेवा वापरायची गुप्त किल्ली) नव्या कमिटमध्ये पुसली तरी जुन्या कमिटमध्ये राहते. तशी सापडली तर ती रद्द करून नवीन घ्या.

शेवटी क्रोममधलं लाइटहाउस हे साइटचा वेग तपासणारं साधन मोबाईल मोडवर चालवा. मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसायला हवा. उशीर होत असेल तर आधी स्वतःचा फोटो बघा: कॅमेऱ्यातून थेट चढवलेली चार एमबीची फाइल असेल, तर ८०० पिक्सेल रुंदीची वेबपी (चित्राचा हलका फॉरमॅट) करून लावा.