कादंबरी बाविसाव्या प्रकरणात अडकलीये, पण गाठ तिथे नाहीये

प्रश्न : ताई, मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि दीड वर्षापासून एक फँटसी कादंबरी लिहितेय. माझी नायिका मृण्मयी एका सावलीत शिरते आणि दुसऱ्या कुठल्याही सावलीतून बाहेर येते. बाविसाव्या प्रकरणात राजाने तिच्या भावाला किल्ल्याच्या तळघरात डांबलंय आणि तिची माणसं वेढा घालून बसलीयेत, आणि इथे मी तीन महिने अडकलेय, कारण ती सरळ तळघरात सावलीतून निघून भावाला घेऊन जाऊ शकते ना, मग वेढा कशाला? मी मंतरलेल्या भिंती घातल्या, मग सावल्या गिळणारा एक मांत्रिक आणला, पण वाचणारी मैत्रीण म्हणते सगळं ओढूनताणून वाटतंय. तिची शक्तीच काढून टाकू का?

उत्तर : अगं अजिबात काढू नकोस, तुझ्या कादंबरीत सगळ्यात छान तेच आहे! आणि मैत्रीण खरं बोलतेय. भिंती आणि मांत्रिक दोन्ही बाहेरून आणून ठेवलेत, अडचण आली म्हणून आलेत, वाचकाला ते लगेच कळतं. आपण अडकलो की हात आपोआप नवीन काहीतरी आणायला जातो, नवीन शस्त्र, नवीन शाप, नवीन म्हातारा ऋषी. त्याऐवजी जे आधीपासून आहे तेच जरा निरखून बघ.

सावली म्हणजे काय? उजेडाच्या वाटेत काहीतरी आडवं आलं की सावली पडते. म्हणजे उजेडच नसेल तर सावली नाही. तळघरात मिट्ट काळोख असेल तर तिथे मृण्मयीला बाहेर यायला जागाच नाही! मंतरलेली भिंत कशाला हवी, राजाने फक्त दिवा काढून घेतला की झालं. आता बघ किती प्रश्न आपोआप उभे राहतात. राजाला हे कळलं कुठून? कोणीतरी सांगितलं असणार, आणि ते फक्त तिच्या जवळच्या माणसाला माहीत असणार. म्हणजे तुला फितुरी मिळाली. पहारेकरी जेवण द्यायला मशाल घेऊन येतो तेवढ्या दोन-चार मिनिटांत तिथे सावली असते, पण नेमकं तेव्हाच पहारेकरीही असतो. आणि उजेड करायला भावाकडे चकमकीचा दगड पोचवायचा तर कोण पोचवणार? वेढा आता त्या कामासाठी आहे, सगळ्यांचं लक्ष वेशीकडे लागावं म्हणून.

पण हे बाविसाव्या प्रकरणात पहिल्यांदा सांगितलंस तर तीही ओढाताणच होईल. तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात जा, तिथे ती लहान असताना अमावास्येच्या रात्री कोरड्या विहिरीत अडकू दे, सकाळी ऊन आत उतरेपर्यंत तिला निघताच येऊ नये, आणि तिला वर काढायला आलेलं माणूस तेच असू दे जे पुढे फितूर होणार आहे. हिरण्यकशिपूची गोष्ट आठव. दिवसा नाही रात्री नाही, घरात नाही बाहेर नाही, माणसाकडून नाही पशूकडून नाही, हे सगळं आपल्याला आधीच सांगितलेलं असतं म्हणून संध्याकाळी उंबरठ्यावर नरसिंह येतो तेव्हा ते पटतं. त्याला मिळालेला वर आधी सांगितलाच नसता तर तो नुसता चमत्कार झाला असता.

आणि तीन महिने अडकलीस म्हणून घाबरू नकोस. लॉर्ड ऑफ द रिंग्ज लिहिताना टोल्कीन कथेतल्या मोरियाच्या खाणीपर्यंत पोचला आणि तिथे जवळजवळ वर्षभर थांबला. त्याच पुस्तकातलं स्ट्रायडर हे पात्र आधी ट्रॉटर नावाचा हॉबिट, म्हणजे त्या जगातल्या बुटक्या लोकांपैकी एक होता, तो माणूस आणि राजवंशातला आहे हे नंतर ठरलं आणि मग मागची प्रकरणं पुन्हा लिहावी लागली. मागे जाऊन बदलणं हे कामच आहे, त्याला हार समजू नकोस. माझ्या पहिल्या कादंबरीत मी शेवट अकरा वेळा लिहिला आणि मग कळलं की चूक दुसऱ्या प्रकरणात होती, तिथला एक परिच्छेद बदलल्यावर शेवट दोन दिवसांत झाला.

प्रश्न : माझ्या कथेत ४०० किलोमीटरवरून सैन्य तीन दिवसांत मदतीला येतं. एका वाचकाने हे अशक्य आहे म्हटलं. फँटसीत एवढं चालत नाही का?

उत्तर : ड्रॅगनवर बसून आलं असेल तर चालेल, पायी असेल तर नाही. तुमच्या जगात जे बदललंय ते वाचक मान्य करतो, पण पाय आणि पोट आपल्यासारखंच असेल तर ते आपल्यासारखंच दमणार. सामानाच्या गाड्या घेऊन चालणारं सैन्य दिवसाला १५ ते २० किलोमीटर धरा, म्हणजे ४०० ला तीन ते चार आठवडे. एकटा घोडेस्वार निरोप घेऊन बराच लवकर पोचेल, पण निरोप पोचणं आणि मदत पोचणं यातला हा मोठा काळ तुम्ही फुकट घालवताय! किल्ल्यात धान्य संपतंय, कोणीतरी शरण जायचं म्हणतंय, रोज भिंतीवरून रस्त्याकडे बघतायत, हे सगळं तिथेच आहे.

एक कागद घ्या, डाव्या बाजूला तारखा आणि उजवीकडे प्रत्येक पात्र त्या दिवशी कुठे आहे ते लिहा, खलनायकसुद्धा, कारण नायक प्रवासात असताना तो काही नुसता बसून राहत नाही. चंद्राचाही रकाना ठेवा. पौर्णिमा ते पौर्णिमा साधारण साडेएकोणतीस दिवस, आणि पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळताना उगवतो, मध्यरात्री नाही. टोल्कीनला १९४४ मध्ये लक्षात आलं होतं की कथेतल्या महत्त्वाच्या दिवसांत चंद्र भलतंच काहीतरी करतोय, आणि त्याने ती प्रकरणं पुन्हा दुरुस्त केली. तुमच्या हल्ल्याची रात्र चांदण्याची आहे असं लिहिलं असेल, तर आधी निरोप निघाला त्या रात्री चंद्र कुठे होता ते बघून घ्या.